आपल्याच प्रोजेक्टच्या रेपोवर संशोधन: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

प्रोजेक्टचे विषय ठरायचे दिवस आले की एखादा तरी गट माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "मॅडम, आम्हाला ॲप नाही करायचं. सॉफ्टवेअर तयार कसं होतं, टीम एकत्र काम कशी करते, यावर काहीतरी करायचंय." मला असा गट मनापासून आवडतो. पण पुढचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "आम्ही गूगल फॉर्म फिरवतो, शंभर जणांना विचारतो की एआयमुळे काम लवकर होतं का, आणि पाय चार्ट काढतो." तिथे मी त्यांना थांबवते आणि २०२५ सालचा एक प्रयोग सांगते.

मेटर या अमेरिकी संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचे) प्रोग्रामर घेतले. त्यांच्याच ओळखीच्या रेपोमधली (रेपो म्हणजे प्रोजेक्टचा कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद जिथे असते ती जागा) २४६ कामं घेतली. कुठल्या कामाला एआयची मदत घ्यायची आणि कुठल्याला नाही, हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवलं. काम सुरू करण्याआधी या मंडळींचा अंदाज होता की एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. सगळं संपल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वाचला. नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की वेळ १९ टक्के जास्त लागला होता. सोळाच माणसं, त्या वर्षाच्या सुरुवातीची साधनं आणि वर्षानुवर्षं हाताळलेला कोड, एवढ्यापुरताच हा निष्कर्ष आहे. पहिल्यांदा कोड लिहिणाऱ्या मुलांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण फॉर्ममध्ये लोक काय भरतात आणि प्रत्यक्षात काय घडतं, यांत केवढं अंतर पडू शकतं ते यातून दिसतं. शंभर जणांना विचारलं असतं तरी पाय चार्टमध्ये हे अंतर कधीच दिसलं नसतं.

म्हणून माझा सल्ला असा. तुमच्याकडे तुमच्याच प्रोजेक्टची गिटमधली (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातली) नोंद आहे, रिव्ह्यूतल्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना दिलेल्या, सूचना आहेत, आणि ते काम करणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. तिथून सुरुवात करा. आणि मोजायच्या आधी वाचा. पुढे जे लिहिलं आहे ते शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी आहे, आणि पहिल्यांदाच असा गट हाती आलेल्या शिक्षकांसाठीही.

पायरी १: प्रश्न लहान करा

"सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग" हा शब्द रूढ झाला १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये, जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने भरवलेल्या परिषदेमुळे. प्रकल्प मुदतीत संपत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, तयार झालेली प्रणाली भरवशाची नसते, ही तेव्हाची तक्रार होती. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर चार जणांच्या गटाने दोन सेमिस्टरमध्ये द्यावं, अशी कोणाची अपेक्षा नाही.

"कोड रिव्ह्यूमुळे गुणवत्ता वाढते का?" हा प्रश्न तुमच्या आवाक्यात नाही. गुणवत्ता म्हणजे काय, रिव्ह्यू न केलेला तसाच दुसरा प्रोजेक्ट कुठून आणणार, कशाचाच पत्ता नसतो. त्याऐवजी असा विचारा: "आमच्या गटाच्या रिव्ह्यूत पडलेल्या सूचनांपैकी किती चूक दाखवणाऱ्या होत्या, किती नावं आणि मांडणी सुधारा म्हणणाऱ्या, आणि किती नुसते प्रश्न?" याचं उत्तर रेपोत पडलेलं आहे. आठवडाभर बसलात तर मिळेल.

मला आवडणारा दुसरा एक प्रश्न आपल्याकडच्या कॉलेजात फार नेमका बसतो. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहिलं की जी संस्था एखादी प्रणाली रचते, तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या माणसांच्या बोलण्याचालण्याचा नकाशा उमटतो. पुढे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी विंडोज व्हिस्टाचा अभ्यास केला. कुठला भाग बिघडण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज कोडच्या गुंतागुंतीपेक्षा त्या भागावर काम करणाऱ्या माणसांच्या रचनेवरून चांगला बांधता आला. आता तुमचा गट बघा. दोघं हॉस्टेलला, दोघं रोज एसटीने अप-डाउन करणारे. रात्री अकराला हॉस्टेलच्या खोलीत जे ठरतं ते अप-डाउनवाल्यांना सकाळी कळतं, किंवा कळतही नाही. मग कोडचे मोड्यूल, म्हणजे वेगवेगळे भाग, कुठे तुटले आहेत? एका मोड्यूलमधला बदल दुसऱ्याला न सांगता कुठे झाला? हे शोधता येतं, आणि हा प्रश्न तुमच्याइतका चांगला दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाही.

प्रश्न ठरला की एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यातली प्रत्येक संज्ञा कशी मोजणार ते खाली लिहा. ज्या शब्दाखाली काही लिहिता येत नाही तो शब्द प्रश्नातून काढा.

पायरी २: तीन निबंध नीट वाचा

तीस शोधनिबंधांची यादी जमवून रिपोर्टच्या शेवटी चिकटवायची सवय सोडा. तुमच्या प्रश्नाच्या जवळचे तीन शोधा आणि ते पुरते वाचा. आधी गोषवारा, मग थेट तक्ते, मग निष्कर्षांच्या मर्यादा सांगणारा भाग, आणि शेवटी पद्धत. मर्यादांचा भाग लेखकाने कसा लिहिलाय त्यावरून त्याच्या कामाचा प्रामाणिकपणा कळतो. पैसे मागणारी साइट आली तर तिथून परत फिरा; निबंधाचं नाव गूगल स्कॉलरवर टाका. आर्काइव्ह (arXiv) या मोफत शोधनिबंधांच्या साइटवर किंवा लेखकाच्या स्वतःच्या पानावर बहुतेक वेळा मोफत प्रत सापडते. एक चांगला निबंध हाती लागला की त्याच्या संदर्भयादीतून मागे जा, आणि त्याचा उल्लेख कोणी केलाय ते बघत पुढे या.

रिव्ह्यूचा प्रश्न घेतलात तर अल्बेर्तो बाकेल्ली आणि ख्रिश्चन बर्ड यांचा २०१३ चा निबंध आधी वाचा. मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांना रिव्ह्यू कशासाठी करता असं विचारलं तर पहिलं उत्तर होतं: चुका सापडाव्यात म्हणून. पण प्रत्यक्ष सूचना एकेक करून वाचल्या तेव्हा चुका दाखवणाऱ्या सूचना अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी निघाल्या. कोड नीटनेटका करणं, एकमेकांना माहिती होणं, दुसरा मार्ग सुचवणं, हे जास्त होतं. तुम्ही हाच अभ्यास तुमच्या गटावर पुन्हा करू शकता. "हे तर आधी झालंय" असं कोणी म्हणालं तर बिनधास्त सांगा की होय, आणि ते आमच्यासारख्या नवशिक्यांत तसंच दिसतं का ते आम्ही बघतोय. दुसऱ्याचं काम नव्या जागी पुन्हा करून बघणं हे या क्षेत्रात मानाचं काम आहे, आणि ते पुरेसं होत नाही.

पायरी ३: आधी परवानगी, मग डेटा

ही पायरी कोणी गाळली तर मी पुढचं काहीच बघत नाही.

२०२१ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांचं एक प्रकरण गाजलं. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, देखरेख करणारे लोक वाईट कोड पकडतात का हे तपासण्यासाठी त्यांनी मुद्दाम दोष पेरलेले पॅच (कोडमधले बदल) पाठवले, आणि समोरच्यांना आपण प्रयोगात आहोत याची कल्पना दिली नाही. हे कळल्यावर एप्रिलमध्ये कर्नलची देखरेख करणाऱ्यांपैकी ग्रेग क्रो-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं योगदान थांबवलं, जुने पॅच पुन्हा तपासायची वेळ कर्नलच्या लोकांवर आली, आणि तो निबंध लेखकांना मागे घ्यावा लागला. ज्यांचा वेळ गेला त्यांतल्या कित्येकांचं या प्रकरणाशी काहीही देणंघेणं नव्हतं.

तुमच्या कॉलेजात एवढं मोठं काही होणार नाही, पण धोका त्याच जातीचा आहे. "कोणाचे कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) किती" हा तक्ता गाइडच्या हाती पडला आणि त्यावरून व्हायवाचे मार्क कापले गेले तर? म्हणून गटातल्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या. साध्या मराठीत, अर्ध्या पानात: काय बघणार, कोण बघणार, नावं कशी झाकणार, आणि मध्येच नको म्हटलं तर त्या माणसाचा डेटा वगळणार. दुसऱ्या गटांचा अभ्यास करणार असाल तर त्यांचीही. रेपो सगळ्यांना खुला आहे म्हणून त्यातली माणसं अभ्यासाला तयार आहेत असं होत नाही.

शिक्षकांनो, तुमच्या हातात मार्क आहेत. तुम्ही विचारलेल्या "चालेल ना?" ला विद्यार्थी नाही म्हणत नाहीत. संमती दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांगा, आणि निकाल लागेपर्यंत कोण हो म्हणालं ते स्वतः बघू नका.

पायरी ४: गिटची नोंद काय सांगते, काय लपवते

इथे थोडं थांबते, कारण बहुतेक गट इथेच फसतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका गटाने अगदी हौसेने कमिटचा तक्ता करून आणला होता. चौघांपैकी एका मुलीच्या नावावर इतके कमी कमिट होते की तक्ता बघून ती गप्पच झाली. मी त्या दिवशी तोच तक्ता खरा धरला, आणि ते मला आजही बोचतं. आठवड्याने कळलं की तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, मैत्रीण जेवायला गेली की ही बसायची. गिटमध्ये नाव मैत्रिणीचं. डेटाबेसचा निम्मा भाग तिने लिहिलेला होता आणि नोंदीत तिचा मागमूस नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक गटाला मोजणीच्या आधी या गोष्टी तपासायला लावते.

नावं. एकच माणूस तीन नावांनी असतो: लॅपटॉपवर एक, लॅबच्या पीसीवर "स्टुडंट", आणि गिटहबच्या (जिथे रेपो ठेवतात त्या साइटच्या) वेबपानावरून केलेल्या बदलांत तिसरंच. गिटमध्ये यासाठी मेलमॅप नावाची फाइल असते. तिच्यात कुठला पत्ता कोणाचा ते लिहिलं की शॉर्टलॉग कमांड सगळे एकत्र करून दाखवते. पण लॅबच्या पीसीवर कोण बसलं होतं हे फाइल सांगणार नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं. आणि यापुढे दोघं मिळून काम केलं तर कमिटच्या संदेशाच्या तळाशी "को-ऑथर्ड-बाय" ची ओळ घालायची सवय गटाला लावा. गिटहब ती ओळ ओळखतं आणि दोघांचीही नावं दाखवतं.

तारखा. प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात. एक लिहिणाऱ्याची, एक तो कमिट शेवटचा नोंदवणाऱ्याची. रिबेस केलं, म्हणजे जुने कमिट नव्या पायावर पुन्हा मांडले, की दुसरी बदलते, पहिली राहते. लॉग कमांड साधेपणी पहिली दाखवते. शिवाय वेळ त्या यंत्राच्या घड्याळाची असते, आणि लॅबमधलं एखादं यंत्र मागच्या वर्षात अडकलेलं असू शकतं. एखादा कमिट प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीचा दिसला तर दचकू नका, यंत्र शोधा.

मर्ज. वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या शाखेवर) केलेलं काम मुख्य ब्रँचमध्ये मिसळणं म्हणजे मर्ज. स्क्वॉश मर्ज वापरलं असेल तर दहा कमिटचा मुख्य ब्रँचवर एकच होतो. तसं केलेल्या आणि न केलेल्या गटांची कमिटसंख्या शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही. मूळ दहा कमिट पुल रिक्वेस्टच्या (बदल मुख्य कोडमध्ये घ्या या विनंतीच्या, जिथे रिव्ह्यू होतो त्या) पानावर बहुधा सापडतात, तिथून घ्या.

ओळी. कोणी किती ओळी लिहिल्या हे मोजण्याआधी बाहेरून आणलेली लायब्ररी, आपोआप तयार झालेल्या फाइल आणि फॉरमॅटरने (कोडची मांडणी आपोआप सुधारणाऱ्या साधनाने) सरसकट बदललेल्या ओळी वगळा. एकाने सगळ्या प्रोजेक्टवर फॉरमॅटर चालवला की तक्त्यात तोच सगळ्यात कष्टाळू दिसतो.

गिटहबवरचा डेटा घेणाऱ्यांना काय काय खड्डे लागतात यावर एरिनी कालियामवाकू आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा निबंध आहे. गिटहबवरचे बहुतेक रेपो एकट्यादुकट्याचे आणि फार थोड्या हालचालीचे असतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणून "आम्ही हजार रेपो डाउनलोड केले" यापेक्षा "आम्ही या सहा गटांचं सगळं काम ओळीनं वाचलं" हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पायरी ५: सूचना वाचून वर्ग पाडा

आता रिव्ह्यूतल्या सूचना एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा. एका ओळीत एक सूचना, शेजारी पुल रिक्वेस्टचा क्रमांक, आणि लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी क, ख, ग. पहिल्या तीस सूचना कुठलेही वर्ग न ठरवता नुसत्या वाचा. समोरच्या रकान्यात आपल्या शब्दांत लिहा की ही सूचना नेमकं काय करतेय. "इथे नल (रिकामी किंमत) येऊ शकतो" ही चूक दाखवते. "हे नाव कळत नाही" ही वाचनाबद्दल आहे. "हे असं का केलंस?" हा प्रश्न आहे, पण कधीकधी तो प्रश्नाच्या वेषातला ठपका असतो. आणि "ओके", "छान", अंगठा, हेही येतील. तेही मोजायचे, कारण नवशिक्यांच्या गटात रिव्ह्यू हा निव्वळ उपचार झाला होता का, हे त्यांच्यावरूनच कळतं.

तीस झाल्या की चार-पाच वर्ग आपोआप दिसू लागतात. प्रत्येक वर्गाची व्याख्या, एक उदाहरण, आणि "यात बसत नाही" असंही एक उदाहरण लिहून ठेवा. मग दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांकडे न बघता, सगळ्या सूचनांना वर्ग द्यायचे.

दोघांचं किती जुळलं हे नुसत्या टक्क्यांत सांगू नका. समजा १०० सूचना आहेत आणि वर्ग दोनच, "चूक" आणि "इतर". दोघांनीही "चूक" म्हटलेल्या २०, दोघांनीही "इतर" म्हटलेल्या ६०, उरलेल्या २० वर मतभेद, दहा इकडून, दहा तिकडून. ८० टक्के जुळलं, ऐकायला झकास. पण दोघंही प्रत्येकी ३० वेळा "चूक" म्हणालेत. डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ०.३ गुणिले ०.३ अधिक ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.५८ इतकं जुळलंच असतं. योगायोगाचा हा वाटा काढून टाकायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कापा नावाचं माप दिलं: ०.८० वजा ०.५८, भागिले १ वजा ०.५८. उत्तर येतं ०.५२ च्या आसपास. म्हणजे जेमतेम.

कापा कमी आला म्हणून खचू नका. जुळल्या नाहीत त्या वीस सूचना घेऊन दोघं चहा घ्यायला बसा. कुठली व्याख्या ढिली होती ते तिथेच सापडतं. व्याख्या घट्ट करा आणि नव्या सूचनांवर पुन्हा करून बघा. जुन्याच सूचनांवर भांडून आकडा वाढवायचा आणि तो रिपोर्टमध्ये लिहायचा, हे करू नका.

पायरी ६: माणसांशी बोला

आकडे तुम्हाला सांगतील की तिसऱ्या आठवड्यात रिव्ह्यू थांबले. का थांबले ते माणसंच सांगतील.

"तुला कोड रिव्ह्यू उपयोगी वाटतो का?" असं विचारलंत तर "हो, खूप" असंच उत्तर येणार, समोरच्याला वाटतं हेच अपेक्षित आहे. त्याऐवजी पुल रिक्वेस्टचं पान उघडून समोर ठेवा आणि म्हणा, "ही बघ, परवाची. ही सूचना आली तेव्हा तू कुठे होतास? मग काय केलंस?" घडलेल्या एका गोष्टीला धरून विचारलं की माणूस आठवून बोलतो. एका गटात "तिचं मर्ज करायला चार दिवस का लागले" याचं उत्तर निघालं की तिला सूचनेतला एक इंग्रजी शब्द कळला नव्हता आणि विचारायची लाज वाटली. कुठल्याही तक्त्यातून हे कळलं नसतं.

मुलाखत ज्या भाषेत होईल त्या भाषेतच उतरवा. आपली मुलं "मी ब्रँच कापली, पण पुल करायला विसरलो आणि मग सगळा राडा झाला" असं बोलतात. हे वाक्य आधी गुळगुळीत इंग्रजीत नेऊन मग त्याचे वर्ग पाडले तर "राडा" मधली घालमेल गळून जाते. वर्ग मूळ वाक्यावर पाडा. रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा असेल तर निवडक वाक्यांचं भाषांतर शेवटी करा आणि मूळ मराठी परिशिष्टात ठेवा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, आणि लिहून झालं की ठरलेल्या तारखेला पुसून टाका.

पायरी ७: आकडे

यावर फार लिहीत नाही, कारण चांगली पुस्तकं आहेत. एकच गोष्ट. रिव्ह्यूला किती वेळ लागला हे सांगताना सरासरीवर विसंबू नका. सात पुल रिक्वेस्टना लागलेले तास समजा असे आहेत: १, २, २, ३, ५, ९ आणि ११८. सरासरी २० तास. पण सातपैकी सहा तर दहा तासांच्या आत झाल्या. मधला आकडा, म्हणजे मध्यक, ३ तास. खरं चित्र तोच दाखवतो. आणि ती ११८ तासांची पुल रिक्वेस्ट वगळू नका. तिच्यात गोष्ट आहे. उघडून बघा. गणपतीची सुट्टी असेल, सेशनल असतील, किंवा दोघांचं भांडण झालं असेल.

शिकवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

शिक्षकांना बऱ्याचदा वाटतं की यंदा पेअर प्रोग्रामिंग (दोघांनी मिळून एकाच यंत्रावर कोड लिहिणं) लावलं, मागच्या वर्षी नव्हतं, निकाल चांगला लागला, झालं संशोधन. मागच्या वर्षीची बॅच वेगळी, पेपर वेगळा, शिकवणारे तुम्हीही एका वर्षाने अनुभवी. कशामुळे काय झालं ते यातून उलगडत नाही.

लॉरी विल्यम्स यांनी १९९९ च्या सुमाराला युटा विद्यापीठात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला तो वाचण्यासारखा आहे. एकाच वर्गातले विद्यार्थी, काही जोडीने आणि काही एकट्याने, कामं तीच. जोड्यांना माणशी तास मोजले तर एकूण सुमारे १५ टक्के वेळ जास्त लागला, आणि त्यांचे प्रोग्राम चाचण्यांत जास्त खरे उतरले. तुलना एकाच वर्गात, एकाच कामावर झाली, म्हणून त्या आकड्याला अर्थ आहे. तुम्हालाही शक्य असेल तर एकाच बॅचमध्ये दोन पद्धती करा, आणि निम्म्या सेमिस्टरला अदलाबदल करा म्हणजे चांगल्या पद्धतीपासून कोणी वंचित राहणार नाही.

आणखी एक. कमिटच्या संख्येला मार्क देऊ नका. दिलेत की त्याच आठवड्यापासून एका ओळीचा एक कमिट पडायला लागतो, आणि तो डेटा संशोधनाला निकामी होतो. मुलांना दोष देता येत नाही. त्यांनी तुम्ही मागितलं तेच दिलं.

पायरी ८: लिहा, आणि आधी गटाला दाखवा

रिपोर्टमध्ये सर्वात आधी तक्ते करा, मग त्या तक्त्यांभोवती मजकूर लिहा. मर्यादांचा भाग कॉपी-पेस्ट करू नका. "नमुना लहान होता" हे सगळेच लिहितात. तुमच्या कामातली नेमकी मर्यादा लिहा: लॅबच्या पीसीवरचे इतके कमिट कोणाचे ते कळलं नाही; अभ्यास करणारे दोघं त्याच गटात होते; अभ्यास चालू आहे हे कळल्यावर रिव्ह्यूतली भाषा सौम्य झाली. वाचणाऱ्याचा विश्वास अशा ओळींनी बसतो.

डेटा नावं झाकून झेनोडो या साइटवर ठेवता येतो; सर्नमधून चालणारी ही सेवा मोफत आहे आणि प्रत्येक संचाला कायमचा डीओआय क्रमांक, म्हणजे संदर्भ द्यायची कायमची ओळख, मिळतो. पण झाकलेली नावंही चार जणांच्या गटात लगेच ओळखू येतात, हे विसरू नका. कमिटच्या तारखा आणि सूचनांचा शब्दशः मजकूर काढून फक्त वर्गांचा तक्ता ठेवणं बऱ्याचदा योग्य असतं.

काम चांगलं उतरलं तर दाखवायला जागा आहेत. भारतात २००८ पासून आयसेक ही या विषयाची परिषद भरते. जगातली सगळ्यात मोठी आयसीएसई ही परिषद २०१४ मध्ये हैदराबादला झाली होती. रेपोंच्या अभ्यासाची स्वतंत्र परिषद २००४ पासून भरते. पुण्यातही १९८१ पासून टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र आहे, जिथे सॉफ्टवेअरच्या संशोधनाचं काम आपल्याकडे फार लवकर सुरू झालं. पहिल्या झटक्यात पूर्ण निबंध स्वीकारला जाईल असं धरू नका. पोस्टर, छोटे निबंध आणि विद्यार्थ्यांसाठीची सत्रं बघा.

पण त्याआधी एक बैठक ठेवा. ज्यांचा अभ्यास केलात त्यांना सगळे तक्ते दाखवा, गाइडला दाखवण्याच्या आधी. "यात काय चुकलंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्या लॅपटॉप नसलेल्या मुलीच्या गटाने हे नंतर केलं. चौघं कमिटची यादी छापून घेऊन बसले आणि कीबोर्डवर कोण होतं ते आठवून पेनने नावं लिहीत गेले. दोन तास लागले. ज्या कमिटवर एकमत झालं नाही तिथे त्यांनी दोन्ही नावं लिहिली. रिपोर्टमध्ये मी त्यांना दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, गिटने दिलेला आणि पेनने दुरुस्त केलेला, आणि व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले. उत्तरं तिने दिली.